‘कटथ्रोट आयलंड’: फ्लॉपच्या शिक्क्याखाली दबलेला समुद्री चाच्यांचा जबरदस्त सिनेमा

गोदाकाठ, नांदेड

राम राम मंडळी. हा धागा काढायचं लई दिवसांपासून मनात होतं. १९९५ चा ‘कटथ्रोट आयलंड’. नाव काढलं की समोरचा म्हणतो हां हां, तो कंपनी बुडवणारा पिच्चर ना, आणि विषय तिथंच संपतो. बघितलाय का म्हणून विचारलं की गप. साधारण दहा कोटी डॉलर लावले अन् अमेरिकेत जेमतेम एक कोटी आले, गिनीज बुकात सगळ्यात मोठा तोटा म्हणून नोंद झाली, सगळं मान्य. पण तो वहीखात्यातला हिशोब झाला, त्यावरून सिनेमा कसाय ते कसं कळणार?

अन् कंपनीचं म्हणाल तर कॅरोल्को आधीच गाळात होती. रॅम्बो, टर्मिनेटरचा दुसरा भाग असले पिच्चर काढणारी कंपनी, पण तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला नोव्हेंबर १९९५ मध्ये आणि हा सिनेमा लागला २२ डिसेंबरला. म्हणजे बाप मेल्यावर पोर जन्माला आलं. जाहिरात कोण करणार, पाठीशी कोण उभं राहणार? त्यात समोर टॉय स्टोरी चालू, जुमांजी आठवडाभर आधीच लागलेला. तेव्हा अमेरिकेतला नावाजलेला समीक्षक रॉजर इबर्टनं चारपैकी तीन स्टार दिले होते, ते कुणी सांगत नाही.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. साल १६६८, जमैका. मॉर्गन अॅडम्स ही चाच्याची पोरगी. खजिन्याच्या नकाशाचे तीन तुकडे, एक तिच्या बापाकडं, एक मोर्डेकाय काकाकडं, आणि एक डॉग ब्राऊनकडं, हा पण सख्खा काकाच पण नंबर एकचा राक्षस. बाप मरताना सांगतो की माझा तुकडा डोक्याच्या कातडीवर गोंदलाय. पोरीला तो काढून घ्यावा लागतो. त्याच्यावर लिहिलेलं लॅटिन, ते वाचता येणारा माणूस हवा म्हणून ती पोर्ट रॉयलच्या लिलावातून विल्यम शॉ नावाचा एक भामटा विकत घेते. तिथून जी पळापळ सुरू होते ती दोन तास थांबत नाही. भाऊबंदकी, वाटणी, बापाची ठेव, आपल्याला ह्यातलं काही समजावून सांगायची गरजच नाही.

मला तर हा सिनेमा मनापासून आवडतो. तुमचं काय म्हणणंय ते लिहा, आवडला नसंल तरी लिहा, पण बघून लिहा.

बिंदुसरा, बीड

गोदाकाठ भाऊ, अगदी मनातलं बोललात. आम्ही हा केबलवर बघितला, इंग्रजीत, खाली अक्षरं नाहीत, घरात कुणालाच एवढं फाडफाड इंग्रजी कळत नव्हतं. तरी शेवटपर्यंत एकजण उठला नाही. आजी पण बसलेली. कोण कुणाचं काय लागतं, नकाशा कुणाकडून कुणाकडं गेला, कोण फितूर झालं, सगळं नुसतं बघून कळत होतं. मला वाटतं ह्या जातीच्या पिच्चरची खरी परीक्षा हीच. आवाज बंद करून बघा, गोष्ट कळली पाहिजे. आजकालच्या मारामाऱ्यांत आवाज चालू असून पण कोण कुणाला मारायलंय ते समजत नाही, कॅमेरा हालतोय, अंधार, सेकंदाला एक कट. इथं भर उन्हात सगळं लख्ख. तलवार कुठून आली, दोर कुठं बांधलाय, माणूस कुठून कुठं उडाला, सगळं आधी दाखवतात अन् मग घडवतात.

मांजराकाठ, लातूर

दोघांचाही मान ठेवून म्हणतो, मला पटलं नाही. मी कॉलेजात असताना बघितला होता. संवाद फार कच्चे आहेत हो. दर दोन मिनिटाला कुणीतरी टाळीचं वाक्य टाकतंय अन् ते काही बसत नाही. शॉचं काम आधी मायकल डग्लस करणार होता, तो सोडून गेला आणि मॅथ्यू मोडीन आला. माणूस वाईट नाही पण त्याच्यात अन् मॉर्गन झालेल्या जीना डेव्हिसमध्ये काही पेटतच नाही. प्रेमाचे सीन म्हणजे बिनमिठाचं वरण. दिग्दर्शक रेनी हार्लिन हा मारामारीवाला, क्लिफहँगर केलेला माणूस, त्याला डोंगरावरून माणूस लटकवता येतो, दोन माणसं बोलती करता येत नाहीत. कंपनी बुडाली म्हणून सिनेमाला नावं ठेवू नये हे कबूल, पण कंपनी बुडाली म्हणून सिनेमा भारी होता असंही नाही ना.

गोदाकाठ, नांदेड

मांजराकाठ दादा, संवादांचं तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. काही वाक्यं खरंच पडलीयत. पण मला सांगा, तमाशातला वग तुम्ही नुसत्या कथानकासाठी बघता का? ह्या सिनेमाची भाषा अंगाची आहे.

पोर्ट रॉयलचा तो पाठलाग आठवा. लिलावातून सुटून मॉर्गन आणि शॉ पळायलेत, मागं गव्हर्नर एन्सलीचे शिपाई. ती वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून घरंगळत खाली धावत्या घोडागाडीत येऊन पडते. आणि चेहरा तिचाच दिसतो, कुणाला तरी विग घालून फेकलेलं नाही. तेवढ्यात तोफांचा मारा सुरू होतो अन् गाडी पुढं पळतेय तसतशी मागची दुकानं, सज्जे, भिंती एकामागून एक कोसळत येतात. ते कोसळणं कॉम्प्युटरवरचं नाही. उभारलेलं गाव होतं ते, खरं पाडलंय. लाकूड तुटलं की कसं फाटतं, धूळ आधी कुठं उठते, घोडा कसा बिचकतो, हे डोळ्याला कळतं. आपण सांगू शकत नाही का खरं वाटलं, पण छातीला कळतं. २००३ चा पायरेट्स ऑफ द कॅरिबियन मला पण आवडतो, त्यातला जॅक स्पॅरो म्हणजे कमालच, पण त्यात निम्मी मजा तो करणाऱ्या जॉनी डेपच्या चालण्याबोलण्याची आहे. इथं मजा वस्तूंची. दोर, शिडं, डोलकाठी, तोफा, नांगर. ह्या जिनसा हाताळता आल्या तरच माणूस वाचतो, आणि मॉर्गनला त्या येतात.

पूर्णाकाठची, परभणी

मी इथं वाचायला असते, लिहीत कमी, पण ह्या धाग्यावर राहवलं नाही.

मॉर्गनबद्दल कुणीच नीट बोलेना म्हणून मी बोलते. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी शाळेत होते आणि मला विश्वास बसत नव्हता की जहाजाची कप्तान बाई आहे आणि सिनेमा त्याचं काही अप्रूप करत नाहीये. ती पुरुषाचे कपडे घालून लपलेली नाही, कुणी राजकुमार येऊन तिला वाचवत नाही, उलट शॉ दलदलीत रुतत चाललाय आणि ओढून काढते ती. बाप जाताना जहाज तिला देतो. आणि मग लगेच सुरळीत होतं का? नाही. ‘मॉर्निंग स्टार’वरची माणसं कुरबुर करतात. तिच्यावर विश्वास ठेवायचा का नाही हा प्रश्न शेवटपर्यंत जिवंत राहतो. बाई म्हणून नव्हे, नवी कप्तान म्हणून. खजिना कधी मिळणार, तुला ठिकाण तरी माहितीय का, हे त्यांचं विचारणं रास्तच आहे. आणि मग वादळात तिच्याच जहाजावरचा स्कली बंड करतो, तिला अन् तिच्या बाजूच्यांना छोट्या होडीत टाकून देतात. हा भाग मला सगळ्यात खरा वाटतो. आमच्याकडं बचत गटात नव्या अध्यक्षीणबाईंना पहिल्या वर्षी काय काय ऐकावं लागतं ते मी जवळून बघितलंय. पद मिळतं एका दिवसात, माणसं मिळायला वेळ लागतो.

तिला गोळी लागते तो सीन पण बघा. ती कण्हत बसत नाही पण सिनेमा तिला दुखत नाही असंही दाखवत नाही. पुढं कितीतरी वेळ ती जखम सांभाळत वावरते.

आणि ज्यांना वाटतं बाई कप्तान म्हणजे हॉलिवूडची थाप, त्यांनी अॅन बॉनी आणि मेरी रीड वाचावं. कॅलिको जॅक रॅकम नावाच्या चाच्याच्या जहाजावर दोघी होत्या, १७२० मध्ये जमैकाजवळ पकडल्या गेल्या. पकडायला आले तेव्हा बाकीचे गडी दारू पिऊन खाली पडलेले आणि ह्या दोघी वर लढत होत्या, असं सांगतात. फाशीची शिक्षा झाली तेव्हा दोघींनी पोटुशी असल्याचं सांगितलं म्हणून फाशी थांबली. मेरी रीड पुढच्याच वर्षी तुरुंगात वारली. कप्तान नव्हत्या त्या, पण हत्यार चालवणाऱ्या होत्या.

जीना डेव्हिसनं पुढं २००४ मध्ये पडद्यावर बायका-पोरी किती आणि कशा दिसतात ह्याचा अभ्यास करणारी संस्था काढली. हा सिनेमा पडल्यावर तिच्या कामावर लई परिणाम झाला. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण तिनं अंग मोडून काम केलंय आणि ते दिसतं.

बिंदुसरा, बीड

ताई, फार छान लिहिलंत. लिहीत जा.

दुधनाकाठ, जालना

मी फॅब्रिकेशनच्या धंद्यात आहे म्हणून माझं लक्ष वेगळीकडंच जातं. ही जहाजं कशी केली असतील ह्याचा नाद लागला म्हणून शोधलं. शूटिंग माल्टा आणि थायलंडमध्ये झालंय. माल्टात समुद्राच्या काठालाच सिनेमासाठी बांधलेले मोठाले हौद आहेत. त्यातल्या एकाची करामत अशी की समुद्राकडच्या कडेवरून पाणी सांडत राहतं, त्यामुळं हौदाचं पाणी कुठं संपलं अन् खरा समुद्र कुठं सुरू झाला ते कॅमेऱ्याला कळत नाही. म्हणजे जहाज उभंय उथळ पाण्यात पण मागं क्षितिजापर्यंत दर्या. साधी युक्ती आहे पण काय डोकं लावलंय राव.

आणि शेवटचा तो स्फोट. डॉगचं ‘रीपर’ उडतं ना, ते मी कितीदा तरी मागं करून बघितलंय. आधी आतून उजेड येतो, मग फळ्या सुटतात, मग डोलकाठ्या खाली बसतात. लोखंड असो नाहीतर लाकूड, मोठ्या वस्तूला पडायला वेळ लागतो, वजन असतं तिला. कॉम्प्युटरवाले बरेचदा तिथंच फसतात, सगळं कापसासारखं हलकं उडतं. इथं ते वजन आहे. पैसे कुठं गेले म्हणून विचारतात ना लोक, हे बघा, पडद्यावरच आहेत.

खुलताबादी

सगळ्यांना नमस्कार. मी जरा बाजूचं पण आपल्या मातीतलं सांगतो.

सिनेमाच्या शेवटी मॉर्गन अन् मंडळी मादागास्करला निघतात, आठवतंय? बघणाऱ्याला वाटतं असंच एखादं लांबचं नाव टाकलंय. पण खरे चाचे कॅरिबियन सोडून मादागास्करला का जायला लागले माहितीय का? १६९० च्या आसपास त्यांची नजर होती सुरत आणि मोखा (येमेनचं बंदर) ह्यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या मुघल जहाजांवर. हजच्या यात्रेकरूंची आणि व्यापाराची जहाजं, सोन्या-चांदीनं भरलेली. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्यानं ‘गंज-ए-सवाई’ लुटलं. ते जहाज होतं खुद्द औरंगजेबाचं. लढाईत त्या जहाजावरची एक तोफ तिथंच फुटली, आपलीच माणसं मेली, आणि मग चाचे वर चढले. यात्रेकरूंवर जे अत्याचार झाले ते वाचवत नाहीत, खाफी खान ह्या मुघल इतिहासकारानं लिहून ठेवलेत, तो तेव्हा सुरतेकडंच होता.

आणि बादशहा तेव्हा कुठं? इथंच, दख्खनमध्ये, मराठ्यांच्या मागं छावणी टाकून. बातमी आल्यावर सुरतेतल्या इंग्रज कंपनीच्या माणसांना कैदेत टाकलं, व्यापार बंद पाडला. पुढं एव्हरीची काही माणसं सापडली, १६९६ मध्ये लंडनला खटला चालून फासावर गेली, पण एव्हरी कधीच हाती लागला नाही. त्याच बादशहाची कबर आमच्या गावात आहे. लोक येतात, फोटो काढतात, जातात. मी तिथून जाताना मला आता हा समुद्र आठवतो. आपण मराठवाडावाले म्हणतो आपला समुद्राशी काय संबंध, पण दख्खनच्या ह्या मोहिमा ज्या तिजोरीवर चालल्या तिच्यात सुरतेच्या समुद्राचा पैसा पण होता.

म्हणून मला हे पण वाटतं की चाच्यांचे सिनेमे बघताना मजा घ्यावी, भरपूर घ्यावी, पण लुटलेल्या जहाजावर माणसं होती हे विसरू नये. ‘कटथ्रोट आयलंड’ मध्ये निदान डॉगचा क्रूरपणा क्रूरच दाखवलाय. फ्रँक लँजेलानं तो डॉग असा काही उभा केलाय की तो हसला तरी भीती वाटते. सख्ख्या भावाला मारताना त्याच्या आवाजात राग नाही, आनंद आहे.

गोदाकाठ, नांदेड

खुलताबादी सर, हे मादागास्करचं कनेक्शन लईच भारी. आता शेवटचा सीन वेगळाच दिसणार मला.

अंबानगरी, अंबाजोगाई

संगीतावर एक शब्द नाही अजून धाग्यावर! मंडळी, जॉन डेब्नीचं संगीत ऐका, नुसतं संगीत, चित्राशिवाय. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजवतंय, सोबत मोठा गायकवृंद. सुरुवातीलाच पितळी वाद्यं अशी झेप घेतात की अंगावर काटा येतो. ही परंपरा जुनी आहे, कॉर्नगोल्ड नावाच्या व्हिएन्नाच्या संगीतकारानं १९३५-४० च्या काळात एरॉल फ्लिन ह्या हॉलिवूडच्या नटाच्या समुद्री सिनेमांना असंच भरघोस संगीत दिलं होतं, डेब्नी सरळ त्याच रस्त्यानं चालतो. घराण्याची चीज घेऊन आपल्या गळ्यानं गावी तसं. नव्वदच्या दशकात असं उघड्या छातीचं संगीत करायला धाडस लागतं, कारण सगळे तेव्हा जरा सावध झालेले. मी हार्मोनियम शिकवतो, त्यामुळं एक बारीक गोष्ट लक्षात आली. तलवारबाजीच्या वेळी तो लय नुसती वाढवत नेत नाही, मधे सोडतो. घाव चुकला की एक रिकामी मात्रा, आणि मग पुन्हा समेवर. त्या रिकाम्या जागेत आपला श्वास अडकतो. सिनेमा पडला, तरी ह्या संगीताची जाणकारांत आजही किंमत आहे.

मांजराकाठ, लातूर

मंडळी, तुमच्या सगळ्यांचं वाचून काल रात्री पुन्हा बघितला. पोरगा पण बसला सोबत.

संवादांबद्दल माझं मत तेच आहे, बदललं नाही. मधला बेटावरचा भाग पण थोडा रेंगाळतो, लेखक जॉन रीडचं पात्र चांगलं होतं, चाच्यांच्या मागं फिरून त्यांच्या कथा लिहिणारा माणूस, आणि तोच आतून फितूर, त्याचं अजून काहीतरी करता आलं असतं. पण शेवटचा अर्धा तास. तो बघताना मी बोललोच नाही. दोन जहाजं एकमेकांना खेटून तोफा डागतायत, एवढ्या जवळून की समोरच्याचे डोळे दिसावेत. मॉर्गन दोर धरून रीपरवर जाते, आणि मग डॉगबरोबरची तलवारबाजी सुरू होते ती उंच शिडांच्या दांड्यांपासून जहाजाच्या पोटापर्यंत. खाली शॉ खजिन्यापाशी अडकलाय आणि पाणी भरायलंय. म्हणजे वर तलवार, खाली पाणी, आणि जहाज जळतंय, तीन घड्याळं एकदम चालू. पण गोंधळ नाही. कोण कुठंय हे प्रत्येक क्षणाला माहीत. गोदाकाठ भाऊ, अंगाची भाषा म्हणालात ते इथं पटलं.

आणि जे मी तेव्हा बघितलंच नव्हतं ते म्हणजे पिंप. जहाज बुडायच्या आधी खजिन्याला दोर बांधून वर पिंप तरंगत ठेवलेलं. सगळं बुडालं असं वाटतं, सगळ्यांचे चेहरे उतरतात, आणि मग ते पिंप दिसतं. पोरगा ओरडला. हा लिखाणातला हुशारपणा आहे, मी त्याला श्रेय द्यायला पाहिजे.

पूर्णाकाठची, परभणी

मांजराकाठ दादा, पिंपाचं बरं आठवलंत. ते पण तिचंच डोकं! मारामारी चालू असताना पुढचा विचार करणारी.

बिंदुसरा, बीड

मला एक सांगा, आपल्याकडं असा सिनेमा का नाही? कान्होजी आंग्रे डोळ्यापुढं आणा. १७१८ च्या सुमारास इंग्रज विजयदुर्गावर चालून आले, हात हलवत परत गेले, खांदेरीवर आले, तिथंही तेच. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले तरी काही जमलं नाही. इंग्रज त्यांना चाचा म्हणायचे, आपल्यासाठी ते सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. गुराबांच्या, म्हणजे मराठ्यांच्या लढाऊ जहाजांच्या, नाळेवरच्या तोफा, वल्ह्यांची गलबतं जी वारा पडला तरी पळतात अन् इंग्रजांचं शिडाचं भलंमोठं जहाज जागेवर अडकून बसतं. मारा बघा कसा डोळ्यापुढं येतो! ऐतिहासिक सिनेमे आपण इतके करतो पण समुद्रावर जातच नाही.

दुधनाकाठ, जालना

खर्च. पाण्यातलं शूटिंग म्हणजे तिप्पट खर्च अन् तिप्पट वेळ, वारा फिरला की दिवस गेला. कॅरोल्कोचं उदाहरण बघून कुणीही निर्माता घाबरणार. पण तसा हौद कोकणात किनाऱ्यालगत बांधला आणि एक गुराब पूर्ण मापाची केली तर ती दहा सिनेमांना वापरता येईल. लाकूडकाम करणारे सुतार रत्नागिरीकडं अजून आहेत. अवघड आहे, अशक्य नाही. मी तर फुकट वेल्डिंग करायला येतो.

तेरणाकाठ, धाराशिव

नवीन सभासद आहे. धागा वाचून बघायची फार इच्छा झालीय. पोरं आठ आणि अकरा वर्षांची आहेत, सोबत बसवू का?

गोदाकाठ, नांदेड

स्वागत तेरणाकाठ. अकरावाल्याला बसवा बिनधास्त. आठवाल्यासाठी दोन जागा सांभाळा. सुरुवातीचा पलंगावरचा सीन, त्यात थोडी वाह्यात गंमत आहे, तो पुढं ढकला. आणि त्याच्यानंतर लगेच बापाच्या डोक्यावरचा नकाशा, दाखवत फारसं नाहीत पण काय झालं ते कळतं, तिथं पोराला पाणी आणायला पाठवा. त्यानंतर पोर्ट रॉयल येतं, तिथून पुढं काही सांगायची गरज नाही. फक्त मोबाईलवर लावू नका, घरातला जो मोठा टीव्ही असंल त्यावर लावा आणि आवाज चढवा. बघून झालं की पोरांना काय आवडलं ते इथं येऊन लिहा.